दुधाच्या बिलाची उधारी आणि पहिलं क्रेडिट कार्ड

‘काकू, मी वडणग्याची. वय २५. शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. महिन्याच्या ७ तारखेला २६,००० रुपये हातात येतात. आबांचं गावात पेंड-भुशाचं दुकान आहे. वीस वर्षांत त्यांनी पतसंस्थेची चार कर्जं काढली आणि एकही हप्ता चुकवला नाही. मी स्कूटीच्या कर्जासाठी बँकेत गेले तर साहेब म्हणाले, तुमचं सिबिलच नाही, निम्मे पैसे आधी भरा नाहीतर जामीनदार आणा. बाहेर येऊन मला रडूच फुटलं. पुण्याची मैत्रीण म्हणते, क्रेडिट कार्ड घे, सिबिलही तयार होईल आणि वर पॉइंट मिळतील. ती पॉइंटवर विमानानं गोव्याला जाऊन आली. परवा मॉलमध्ये एका स्टॉलवरच्या मुलानं लाइफटाइम फ्री कार्ड देतो म्हणून पॅन आणि आधारची झेरॉक्स घेतली. आबा म्हणतात, कर्ज धंद्यासाठी काढावं, खर्चासाठी न्हाई. चार-पाच वर्षांत मला कोल्हापुरात छोटा फ्लॅट घ्यायचाय. काय करू?’

पोरी,

आधी त्या साहेबांचं वाक्य नीट समजून घे. सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद आणि तिच्यावरून पडणारे गुण, म्हणजे स्कोअर. ‘सिबिल नाही’ म्हणजे ‘सिबिल खराब आहे’ असं नव्हे. तुझ्या नावावर आजवर एकही कर्ज नाही, एकही कार्ड नाही, म्हणून तुझं पान कोरं आहे. अशा माणसाच्या रिपोर्टवर स्कोअरच्या जागी उणे १ किंवा ‘एनएच’ असं येतं. एनएच म्हणजे इतिहास नाही, एवढंच. खराब झालेलं पान सुधारायला वर्षं जातात. कोऱ्या पानावर पहिला स्कोअर उमटायला साधारण सहा महिने पुरतात. तू रडण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण का रडलीस ते मला कळतं. आबांनी वीस वर्षं जपलेलं नाव त्या टेबलावर कुणी विचारलंच नाही, हे तुला लागलं.

मी बत्तीस वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली. सुरुवातीची कित्येक वर्षं सिबिल हा शब्द आमच्या कानावरही नव्हता. कर्जदारांची नोंद ठेवणारी ही सिबिल कंपनी निघाली २००० साली आणि पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला २००५ साली. त्याआधी अर्जदार समोर बसला की आम्ही विचारायचो, कुणाचा कोण, कुठल्या पेठेतला, जामीन कोण राहतंय. एका फोनवर माणसाची पत कळायची. तुझे आबा त्या काळात आले असते तर चहा पाजून कर्ज दिलं असतं. पण त्याच टेबलावर मी दुसरी बाजूही पाहिली. ज्याची कुणाशी ओळख नाही तो हात हलवत परत जायचा, आणि एकटी बाई आली की तिला ‘घरातल्या पुरुषमाणसाला घेऊन या’ म्हणायचे. मीही कधीकधी म्हटलंय, वरून तसंच सांगितलेलं असायचं. म्हणून आताच्या यंत्राचा मला राग येत नाही. ते आबांना ओळखत नाही हे खरं, पण तू कुणाची कोण हेही विचारत नाही.

आता देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, आणि साडेसातशेच्या पुढं गेला की बँका नीट बोलू लागतात. या कंपन्यांना माहिती देतात बँका आणि फायनान्स कंपन्या. २०२५ सालापासून ती महिन्यातून निदान दोनदा द्यावी लागते. पतसंस्था साधारणपणे या साखळीत नसतात. त्यामुळं आबांची चार कर्जं, त्यांचे एकूण एक हप्ते, त्या यंत्राच्या दृष्टीनं झालेच नाहीत. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सावकाराकडं ठेवलेलं आणि वेळेत सोडवलेलं सोनंही तिथं दिसत नाही. आईची भिशी दिसत नाही, वाण्याची वही दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात पत भरपूर आहे, फक्त ती त्या यंत्राला वाचता येईल अशा जागी लिहिलेली नाही.

आबांशी बोलताना मात्र सिबिलपासून सुरुवात करू नकोस. त्यांच्या वहीपासून कर. गावातला दूधवाला ३ तारखेला दोन पोती पेंड नेतो. पैसे लगेच देत नाही. ‘बिल झालं की देतो’ म्हणतो. दहा दिवसांचं दुधाचं बिल होतं, दुधाचे पैसे हातात येतात, तो दुकानात येतो, हिशेब पुरा करतो. आबा त्याच्याकडून व्याज घेतात का? नाही. पुढच्या वेळी त्यानं चार पोती मागितली तर देतात का? डोळे झाकून देतात. आणि जो बिल झाल्यावर दुकानासमोरून मान खाली घालून जातो, किंवा शंभर रुपये टेकवून ‘बाकीचं पुढच्या बिलाला’ म्हणतो, त्याला तिसऱ्यांदा काय उत्तर मिळतं, हे तुझ्या आबांनीच तुला सांगावं. क्रेडिट कार्ड हीच वही आहे. फरक एवढाच की आबा माणूस बघून, गाय आजारी आहे हे ऐकून, एखादं बिल सोडून देतात. ही वही तारखेपलीकडं काही ऐकत नाही.

आणि आबांचं वाक्य खोटं नाही. कर्ज खर्चासाठी काढू नये, हे मी तुला कार्ड घ्यायला सांगतानाही म्हणते. कार्डावर खर्च कर तो असा, की ज्याचे पैसे तुझ्या खात्यात आधीच पडलेले आहेत. पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज, घरचं सामान, औषधं. जे तू एरवीही घेणारच होतीस ते. तसं केलंस तर ते कर्ज राहतच नाही, दहा दिवसांच्या बिलावर नेलेली पेंड होते.

आता कार्डाच्या तारखा समजून घे, कारण सगळा खेळ तिथं आहे. समज, तुझं स्टेटमेंट, म्हणजे महिन्याचं बिल, दर महिन्याच्या १२ तारखेला निघतं आणि पैसे भरायची शेवटची तारीख त्यानंतर वीस दिवसांनी, म्हणजे पुढच्या महिन्याच्या २ तारखेला येते. १३ मेला केलेली खरेदी १२ जूनच्या स्टेटमेंटमध्ये येणार आणि तिचे पैसे २ जुलैपर्यंत भरायचे. ५० दिवस बिनव्याजी. तीच खरेदी ११ जूनला केलीस तर मिळतात २१ दिवस. पण तुझा पगार ७ तारखेला होतो. २ तारीख म्हणजे महिन्याच्या अगदी तळाशी, जेव्हा खात्यात सगळ्यात कमी असतं. म्हणून कार्ड आल्या आल्या पहिलं काम हे कर: बँकेला सांगून बिलाची तारीख बदलून घे, म्हणजे भरणा १० ते १५ तारखेच्या दरम्यान येईल. ही सोय ग्राहकाला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेच्या नियमातच आहे. दुसरं काम म्हणजे ऑटो-डेबिट, म्हणजे बिलाचे पैसे खात्यातून आपोआप वळते करायची सोय. तिथं दोन पर्याय येतील, ‘मिनिमम ड्यू’ आणि ‘टोटल ड्यू’. टोटलवर खूण कर. चुकून मिनिममवर राहिली तर महिनोन्महिने कळत नाही.

या मिनिमम ड्यूबद्दल मला जरा थांबून बोलायचंय. स्टेटमेंटवर मोठा आकडा असतो एकूण बाकीचा आणि शेजारी छोटा, साधारण पाच टक्क्यांचा. तो छोटा आकडा भरला की दंड लागत नाही, रिपोर्टवर थकबाकी दिसत नाही. पण व्याज सुरू होतं, आणि ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. वर्षाचे झाले बेचाळीस. ३०,००० रुपये बाकी धर. एका महिन्याचं व्याज १,०५०, त्यावर १८ टक्के जीएसटी १८९, मिळून १,२३९. तू मिनिमम म्हणून १,५०० भरलेस तर मुद्दलातून गेले फक्त २६१ रुपये. आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते: मागची बाकी राहिली की नव्या खरेदीचे बिनव्याजी दिवसही जातात. आज घेतलेल्या साबणाच्या वडीवर आजपासून व्याज. एटीएममधून कार्डावर पैसे काढलेस तर तिथंही पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी. ते कधीच करू नकोस, कितीही नड आली तरी.

मी स्वतः हे केलंय. दुसऱ्यांचे कर्जाचे कागद तपासायची नोकरी करणाऱ्या बाईनं, एका दिवाळीत घरचं फर्निचर कार्डावर घेतलं आणि आठ महिने तो छोटा आकडा भरत राहिले. मला वाटायचं, आपण दर महिना भरतोय, म्हणजे फिटतंय. नवव्या महिन्यात एका दुपारी कॅल्क्युलेटर घेऊन बसले तेव्हा दिसलं की मुद्दल जवळजवळ जागेवरच आहे. शेवटी मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली एक ठेव मोडून ते मिटवलं. त्या ठेवीचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून सांगते, पूर्ण भरता येत नसेल त्या महिन्यात कार्ड कपाटात ठेव, आणि शक्य तितकं जास्त भरून बाकी आधी संपव.

आता कार्ड घ्यायचं कुठून. मॉलच्या स्टॉलवरून नको. पहिल्यांदा तुझा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथं विचार. दर महिन्याला येणारा पगार त्यांना दिसतोय, त्यामुळं कोऱ्या पानावरही छोट्या लिमिटचं कार्ड द्यायला ती बँक तयार होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्यांनी नाही म्हटलं तर दहा ठिकाणी अर्ज करत फिरू नकोस. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत बऱ्याच नोंदी दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं, पोरगी पैशासाठी धावतेय.

मग उरतो तो रस्ता मला तुझ्यासाठी खरं तर सगळ्यात आवडतो: ठेवीवरचं कार्ड. बऱ्याच बँका हे देतात. २०-२५ हजारांची एफडी ठेवायची, तिच्यावर बँक बोजा ठेवते आणि तेवढ्याच किंवा थोड्या कमी लिमिटचं कार्ड देते. एफडीवर व्याज चालूच राहतं. पगाराची स्लिप, जुना स्कोअर यांची फारशी चौकशी होत नाही, कारण बँकेचे पैसे सुरक्षित असतात. रिपोर्टवर मात्र याची नोंद इतर कार्डासारखीच होते. आबांनाही हे पटेल. आपलेच पैसे तारण, आपलीच मर्यादा, आणि बुडालीच तर आपलीच एफडी. घेताना एवढं बघ की त्याला वार्षिक फी नसावी. कारण हे पहिलं कार्ड तुला पुढं दहा-पंधरा वर्षं बंद करायचं नाहीये. खातं जितकं जुनं, तितकं पान वजनदार. पण नुसतं कपाटात पडू देऊ नकोस. वर्षभर वापर झाला नाही तर बँक कळवून कार्ड बंद करू शकते. महिन्याला एखादा रिचार्ज त्यावर चालू ठेव.

लिमिट २५,००० मिळालं म्हणजे २५,००० खर्चायचे असं नाही. स्टेटमेंट निघताना वापर लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत असलेला बरा, म्हणजे तुझ्या बाबतीत ७,५००. एखाद्या महिन्यात जास्त झालं, घरात लग्नकार्य निघालं, तर शेवटच्या तारखेची वाट न बघता स्टेटमेंट निघण्याआधीच थोडे पैसे कार्डात भरून टाक. बँक सिबिलला कळवते ती साधारण स्टेटमेंटवरची बाकी. हे मला माझ्या नोकरीतही उशिरा कळलं. पैसे पूर्ण आणि वेळेत भरणारी माणसं स्कोअर कमी का म्हणून भांडायला यायची, आणि कारण बहुतेकदा हेच निघायचं: दर महिन्याला लिमिट काठोकाठ भरलेलं.

आता पॉइंटांकडं येऊ. मैत्रीण गोव्याला गेली याचा मला आनंद आहे. पण तिचा पगार, तिचा खर्च आणि तिचं कार्ड वेगळं. तुझा हिशेब तुझ्या खर्चावर मांडू. महिन्याला कार्डावर जातील ७-८ हजार. समज ८,०००. एक टक्का कॅशबॅक देणारं कार्ड असेल तर महिन्याला ८० रुपये, वर्षाला ९६०. कार्डाची फी ४९९ असेल तर जीएसटी धरून ५८९ रुपये गेले. उरले ३७१. आणि याच वर्षात एकदा, फक्त एकदा, ८,००० च्या बिलाचे मिनिमम ४०० भरलेस, तर उरलेल्या ७,६०० वर महिन्याचं व्याज २६६, जीएसटी ४८, म्हणजे ३१४ रुपये. चार महिन्यांचे पॉइंट एका झटक्यात गेले. म्हणूनच पहिल्या वर्षी पॉइंट हे वरकड समज. मिळाले तर घ्यावेत, त्यांच्यामागं जाऊन एक रुपया जादा खर्च करू नये.

पॉइंटवाल्या कार्डाच्या जाहिरातीत आकडे मोठे असतात, ‘१०० रुपयांना ४ पॉइंट’ वगैरे. विचारायचा प्रश्न एकच: एका पॉइंटची किंमत किती? बऱ्याच कार्डांवर ती २५ पैसे असते. मग ४ पॉइंट म्हणजे एक रुपया, म्हणजे पुन्हा एकच टक्का. काही ठिकाणी पॉइंट वापरतानाही फी लागते आणि दोन-तीन वर्षांनी पॉइंट संपतात. शिवाय कशावर पॉइंट मिळत नाहीत ती यादी वाच. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, ईएमआय, सरकारी भरणा, आणि अनेक कार्डांवर लाइट बिलसुद्धा त्यात येतं. तुझा खर्च जर मुख्यतः पेट्रोल आणि लाइट बिलाचाच असेल, तर पॉइंटचं कार्ड तुझ्या काय कामाचं? तुला सुरुवातीला सरळ कॅशबॅकचं कार्ड बरं. पैसे स्टेटमेंटमध्ये वजा होऊन येतात, वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही. विमानतळाच्या लाउंजची सोय बघून जादा फीचं कार्ड घेऊ नकोस. तुझा प्रवास एसटीचा आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसचा आहे, निदान आजतरी.

आपल्या गावात कार्ड कुठं चालतं हेही बघायला हवं. लक्ष्मीपुरीत घाऊक माल घेताना किंवा गुजरीत सोनं घेताना कार्ड पुढं केलंस की बरेच दुकानदार दोन टक्के जादा मागतात. एक टक्का मिळवायला दोन टक्के द्यायचे नाहीत, तिथं रोख किंवा साधं यूपीआय. रूपे क्रेडिट कार्ड असेल तर ते २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, आणि दुकानातल्या क्यूआरवर स्कॅन करून कार्डातून पैसे देता येतात. किराणा, औषधं यांना ते सोयीचं आहे. पण कपिलतीर्थ मार्केटमध्ये एखाद्या मावशीनं स्वतःच्या खात्याचा क्यूआर ठेवलेला असेल, तर तिथं कार्ड चालणार नाही. ते दुकानदारांच्या क्यूआरवरच चालतं, माणसाकडून माणसाला नाही. आणि या सोयीतला धोकाही सांगून ठेवते. दहा-वीस रुपयांची पेमेंट कार्डातून होऊ लागली की महिनाअखेरीला ७,५०० चे ११,००० कधी झाले ते कळत नाही. आबा रोज संध्याकाळी वही मिटताना बेरीज टाकत असतील. तू आठवड्यातून एकदा, रविवारी, बँकेचं ॲप उघडून टाक.

‘नो कॉस्ट ईएमआय’ हे नाव ऐकून मोबाइल घेऊ नकोस. व्याज सवलतीच्या रूपात वजा केलं तरी त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुझ्याच खिशातून जाते, आणि रोखीनं घेतला असता तर मिळणारी सवलत बऱ्याचदा हुकते.

यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती माणसांची. तुझ्याकडं कार्ड आहे हे कळलं की चुलतभाऊ म्हणेल, ‘तुझ्या कार्डावर टीव्हीला डिस्काउंट आहे, स्वाइप कर, मी महिन्याला देतो.’ मैत्रीण म्हणेल, मामा म्हणेल. त्यांची नियत वाईट असते असं नाही. पहिले दोन महिने पैसे येतातही. तिसऱ्या महिन्यात त्याचा पगार लांबतो आणि तुझी तारीख लांबत नाही. बँकेत माझ्यासमोर अशा कितीतरी बायका बसल्या, खरेदी दुसऱ्याची आणि डाग यांच्या नावावर. नाही म्हणणं तुला जड जाईल, म्हणून कारण आधीच देऊन ठेवते. ‘फ्लॅटच्या कर्जासाठी लिमिट मोकळं ठेवायला सांगितलंय’ असं सांग. ते खरंच आहे. जामिनाचंही तसंच. आपल्याकडं मैत्रीत जामीन राहायची रीत आहे, आणि मीही राहिलेली आहे. पण बँकेच्या कर्जाला जामीन राहिलीस तर ते कर्ज तुझ्या रिपोर्टवरही दिसू शकतं, आणि त्यानं थकवलं तर तुझ्या फ्लॅटच्या वेळी त्याचा हिशेब तुला द्यावा लागतो. फ्लॅट होईपर्यंत कुणालाही जामीन राहू नकोस.

आणि देव न करो, पण कधी बाकी थकलीच आणि वसुलीवाल्यानं ‘निम्मे भरा, मिटवून टाकू’ म्हटलं, तर त्या सोयीला भुलू नकोस. तसं मिटवलेल्या खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पूर्ण भरून बंद केलेल्या खात्यावर ‘क्लोज्ड’ पडतो. कर्ज विभागात ‘सेटल्ड’ हा एक शब्द बघून आम्ही घरकर्जाची फाइल बाजूला ठेवायचो, मग अर्जदार कितीही चांगला असो.

कार्ड हरवलं किंवा अनोळखी व्यवहार दिसला तर लगेच बँकेला कळवून ब्लॉक कर आणि तक्रारीचा नंबर लिहून घे. फसवणूक असेल तर १९३० वर फोन. कार्ड आल्या आल्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार बंद करून ठेव, ५,००० पर्यंत पिनशिवाय होणारं टॅपचं पेमेंटही नको असेल तर बंद करता येतं. ‘पॉइंट एक्स्पायर होतायत, ओटीपी सांगा’ असा फोन येणार. तो तुझ्या बँकेचा नसतो.

स्कूटीचं विचारलंस. निम्मे पैसे भरून आज घ्यायची असेल तर तेही चुकीचं नाही, वाहनकर्जाचे वेळेवर भरलेले हप्तेही तुझ्या पानावर चांगलेच लिहिले जातात. पण तुझ्याकडं आत्ता ३०-४० हजारच साठलेले असतील तर माझं मत असं: त्यातले २५ एफडीत घाल, कार्ड घे, आणि आठ-नऊ महिने के.एम.टी.च्या बसनं ये-जा कर. तोवर स्कोअर उमटलेला असेल, आणि तोच साहेब जामीनदार मागणार नाही. फ्लॅटपर्यंत तुझ्या पानावर एक जुनं कार्ड आणि एक फेडलेलं किंवा नीट चाललेलं वाहनकर्ज असेल. पंचविशीतल्या मुलीकडं यापेक्षा जास्त काही असायची गरज नाही. दुसरं कार्ड, पॉइंटवालं, घ्यायचं असेल तर वर्षभरानंतर. तेव्हा तुझ्या बारा महिन्यांच्या स्टेटमेंटवरून तुलाच कळेल की तू खर्च कशावर करतेस आणि कुठलं कार्ड त्यावर परत काही देतं.

आबांना एक काम सांग. त्यांचाही सिबिल रिपोर्ट काढ. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि आपलाच रिपोर्ट आपण बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. कदाचित त्यांचंही पान कोरं निघेल. मग ठेवीवरचं एक कार्ड त्यांच्या नावानंही घेता येईल. त्यांच्या कार्डावर तू ॲड-ऑन, म्हणजे जोडकार्ड, घेतलंस तर तुझा इतिहास तयार होत नाही, म्हणून दोघांची वेगवेगळी हवीत.

तुझी
काकू

ता. क. स्टॉलवरच्या मुलाला झेरॉक्स दिली आहेस, तर घाबरू नकोस, पण तुझा स्वतःचा रिपोर्ट याच आठवड्यात काढ. त्यात न मागितलेल्या चौकशीची नोंद दिसली तर तिथूनच ऑनलाइन हरकत नोंदव. तीस दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. कार्ड घरी आलंच तर ते चालू करू नकोस आणि कुणाला ओटीपी देऊ नकोस. तीस दिवसांत चालू केलं नाही तर बँकेला तुझी ओटीपीनं संमती मागावी लागते, आणि ती मिळाली नाही तर सात कामाच्या दिवसांत खातं बिनफीचं बंद करावं लागतं. आणि यापुढं झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी रेघ मारून तारीख आणि ‘फक्त अमुक कामासाठी’ असं पेनानं लिहीत जा. लॅबमध्ये नमुन्याच्या बाटलीवर लेबल लावतेस, तसंच.